कॉलेज निवडताना: आनंदीबाई, रखमाबाई आणि आपलं बडोदं

मंडळी, नीटचा निकाल लागला की नागरवाड्यात घरोघरी एकच चर्चा: बडोदा मेडिकल मिळेल का, नाहीतर कुठे? यादीत वर असेल ते कॉलेज चांगलं, असं आपण धरून चालतो. पण चांगलं कॉलेज आणि आपल्याला मानवणारं कॉलेज यांत फरक असतो. आपल्या समाजातल्या दोन पहिल्या लेडी डॉक्टरांच्या आयुष्यात तो दिसतो.

१८८३ साली आनंदीबाई जोशी अमेरिकेला निघाल्या, तेव्हा मद्रासचं कॉलेज बायकांना प्रवेश देत होतं. पण इथे बायकांना पुरेसं शिकवत नाहीत, हे त्यांनी निघण्यापूर्वीच जाहीर भाषणात सांगितलं होतं. म्हणून त्यांनी फिलाडेल्फियाचं खास बायकांचं मेडिकल कॉलेज धरलं. १८८६ मध्ये एम. डी. झाल्या. शिक्षणाच्या दृष्टीने निवड अचूक होती. पण तब्येत आधीच नाजूक, त्यात तिथली थंडी आणि जेवणाचे हाल. क्षयाने गाठलं. कोल्हापूर संस्थानात नोकरी ठरली होती, पण रुजू होण्याआधीच, फेब्रुवारी १८८७ मध्ये त्या पुण्यात वारल्या. वय २१.

रखमाबाई १८८९ मध्ये लंडनला गेल्या. तिथल्या बायकांच्या मेडिकल स्कूलमध्ये शिकल्या, पण एम. डी. घेतली ब्रसेल्सची, १८९४ मध्ये. शिकायचं कुठे आणि डिग्री कुठली, हे दोन वेगळे प्रश्न त्यांनी वेगळे सोडवले. मग १८९५ पासून सुरतेला आणि पुढे राजकोटला, मुंबईच्या या मराठी बाईने गुजराती बायकांवर उपचार केले.

आपल्याकडे मेडिकल कॉलेज आलं १९४९ मध्ये. त्याआधी बडोद्याच्या मुलाला डॉक्टर व्हायचं तर मुंबई नाहीतर दुसरं गाव गाठावं लागे. आज सयाजी हॉस्पिटलच्या वॉर्डात शिकायची सोय घराजवळ आहे. आपली मुलं घरात मराठी आणि ओट्यावर गुजराती बोलत वाढतात, याचा ओपीडीत पहिल्या दिवसापासून फायदा होतो.

तेव्हा चॉइस भरताना नुसता कट-ऑफ बघू नका. वॉर्डात पेशंट किती असतात, मुलांना स्वतः तपासायला मिळतं का, पेशंटची भाषा कोणती, हे तिथल्या सीनियर मुलांना विचारा. लांबचं कॉलेज मिळालं तर जरूर पाठवा, पण हॉस्टेलची खोली आणि मेसचं जेवण आधी स्वतः बघून या.