क्रीडा खडू

क्रीडा खडू म्हणजे तळहातावरील घाम शोषला जाऊन पकड टिकावी यासाठी खेळाडू हाताला लावतात ती मॅग्नेशियम कार्बोनेटची पांढरी पूड. जिम्नॅस्टिक्स, भारोत्तोलन, प्रस्तरारोहण आणि गोळाफेक या खेळांत तिचा वापर होतो. फळ्यावर लिहिण्याचा खडू मात्र वेगळा; तो कॅल्शियम कार्बोनेटचा किंवा जिप्समचा असतो.

कार्य

मॅग्नेशियम कार्बोनेट पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, पण ओलावा शोषून घेते. त्यामुळे त्वचा आणि दांडा किंवा खडक यांच्यामध्ये घामाचा निसरडा थर साचत नाही. पूड स्वतः चिकट नसते. ती जाड थरात लावल्यास तिचे सुटे कणच हाताखाली घसरू लागतात. म्हणून अनुभवी खेळाडू हात झटकून जास्तीची पूड काढून टाकतात.

टाल्कम पावडर दिसायला अशीच असली तरी तिचा गुण नेमका उलट आहे. पॉवरलिफ्टिंगमधील डेडलिफ्ट प्रकारात खेळाडू हाताला खडू आणि मांड्यांना टाल्कम पावडर लावतात, कारण दांडा मांडीवरून वर सरकायला हवा असतो. महाराष्ट्रातील मल्लखांबातही लाकडी खांबाशी होणारे घर्षण कमी करण्यासाठी एरंडेल तेल चोळले जाते.

प्रस्तरारोहणातील प्रवेश

प्रस्तरारोहणात खडू आणण्याचे श्रेय अमेरिकन गणितज्ञ जॉन गिल यांना दिले जाते. ते जिम्नॅस्टिक्सही करीत आणि तेथील ही सवय त्यांनी १९५० च्या दशकात खडकांवर नेली. आज आरोहकाच्या कमरेला खडूची छोटी पिशवी जवळजवळ नेहमीच दिसते.

परिणामकारकता

खडूमुळे घर्षण खरोखर वाढते का, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात खडू लावल्यावर बोटे आणि दगड यांच्यातील घर्षण गुणांक कमी झाल्याचे आढळले. त्वचा फार कोरडी झाल्याने आणि मधल्या कणांच्या थरामुळे असे होत असावे, असे स्पष्टीकरण संशोधकांनी दिले. २०१२ मधील दुसऱ्या अभ्यासात चुनखडक व वालुकाश्म या दोन्हींवर घर्षण वाढलेले दिसले. दोन्ही प्रयोगांची मांडणी वेगवेगळी असल्याने एकाने दुसरा खोटा ठरत नाही. खेळाडूंनी मात्र खडू सोडलेला नाही; कोरड्या हातामुळे मिळणारा आत्मविश्वास हेही त्याचे एक कारण मानता येईल.

आक्षेप आणि पर्याय

खडकांवर राहणारे पांढरे डाग विद्रूप दिसतात. जर्मनीतील सॅक्सन स्वित्झर्लंड या वालुकाश्माच्या प्रदेशात आरोहणाच्या नियमांनुसार खडू वापरण्यास मनाई आहे. बंदिस्त सभागृहांत हवेत उडणारी धूळ श्वासाला त्रासदायक ठरते. त्यामुळे अनेक व्यायामशाळांत द्रवरूप खडूला पसंती मिळते. त्यात पूड अल्कोहोलमध्ये मिसळलेली असते; अल्कोहोल उडून गेल्यावर हातावर पातळ, एकसारखा थर उरतो. भेगा पडलेल्या किंवा सोललेल्या त्वचेवर तो चांगलाच झोंबतो.