रूढिचिकित्सा व देशीभाषेचा कैवार, बीड परिसरातील

धर्म, भाषा आणि समाजरचना यांविषयी परंपरेने मान्य केलेले प्रामाण्य जसेच्या तसे न स्वीकारता ते तपासून पाहण्याची वृत्ती मध्ययुगीन मराठी वाङ्मयात ठिकठिकाणी आढळते. तिचे काही लक्षणीय आविष्कार गोदावरीचा दक्षिण तीर आणि बालाघाटची डोंगररांग यांमधील टापूशी, म्हणजे सध्याच्या बीड जिल्ह्याशी, निगडित आहेत. गेवराई तालुक्यातील पांचाळेश्वर हे महानुभावांचे तीर्थस्थान, तर अंबेजोगाई हे मुकुंदराज आणि दासोपंत या दोन ग्रंथकारांचे गाव. या मंडळींना आधुनिक अर्थाने संशयवादी म्हणता येणार नाही. ईश्वराच्या अस्तित्वाविषयी यांपैकी कोणालाही शंका नव्हती. तथापि भारतीय विचारपरंपरेत संशय हा नास्तिकांचाच मक्ता कधीही नव्हता. न्यायसूत्रांनी सांगितलेल्या सोळा पदार्थांत प्रमाण आणि प्रमेय यांच्या मागोमाग संशयालाच स्थान दिलेले आहे. तेव्हा कोणी कशावर शंका घेतली आणि कोणत्या गोष्टीपाशी तो थांबला, हे पाहणे अधिक उद्‌बोधक ठरते.

यादवकाळात अंबेजोगाई हे सत्तेचे व विद्येचे एक केंद्र होते. सिंघण यादवाचा सेनापती खोलेश्वर याच्या काळातील तेथील शिलालेख संस्कृतात आहेत. देवालये बांधावीत, दाने द्यावीत आणि त्यांची नोंद संस्कृत श्लोकांत कोरून ठेवावी, ही त्या काळची प्रतिष्ठित रीत होती. मराठी ही घरातील, शेतातील व बाजारातील भाषा होती. कोरीव लेखांतून ती अधूनमधून डोकावते, पण शास्त्राची भाषा म्हणून तिला मान नव्हता. स्त्रिया व शूद्र यांना वेदाध्ययनाचा अधिकार नसल्यामुळे ग्रंथ कोणत्या भाषेत लिहावा हा प्रश्न केवळ वाङ्मयीन अभिरुचीचा राहत नसे. मोक्षविद्येचा दरवाजा कोणासाठी उघडा असावा, हा त्या प्रश्नाचा खरा आशय होता.

मुकुंदराजांच्या विवेकसिंधूत हा प्रश्न प्रथम मांडलेला दिसतो, असे परंपरा मानते. ग्रंथात आलेल्या उल्लेखानुसार त्याची रचना शके 1110 (इ. स. 1188) मधील आहे. मात्र उपलब्ध प्रतींची भाषा बरीच अर्वाचीन वाटत असल्याने हा काळ सर्व अभ्यासकांना मान्य नाही. ग्रंथातील ‘अंबानगर’ म्हणजे अंबेजोगाई की वैनगंगेकाठचे आंभोरे, याविषयीही मतभेद आहेत. मुकुंदराजांची समाधी म्हणून ओळखले जाणारे स्थान अंबेजोगाईजवळच्या दरीत आहे आणि तेथील लोकांच्या दृष्टीने वाद कधीच मिटला आहे. ग्रंथाचा विषय शांकर अद्वैत. शंकराचार्यांचाच सिद्धांत आपण मराठीतून सांगत आहोत, अशी ग्रंथकाराची भूमिका आहे. त्याने सिद्धांतावर शंका घेतली नाही. तो सिद्धांत संस्कृतातूनच सांगितला पाहिजे, या समजुतीवर घेतली. मध्ययुगाच्या मानाने हेही थोडे नव्हते.

याहून फार पुढची मजल महानुभाव पंथाने तेराव्या शतकात मारली. पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी मूळचे गुजरातेतील भडोचचे. ऋद्धिपूरच्या गोविंदप्रभूंकडून त्यांना ज्ञानशक्ती लाभली, अशी पंथाची श्रद्धा आहे. गोदावरीचे खोरे हे त्यांच्या परिभ्रमणाचे प्रमुख क्षेत्र होते. पांचाळेश्वर येथील आत्मतीर्थ महानुभाव हे पंचकृष्णांपैकी श्रीदत्तात्रेय प्रभूंचे स्थान मानतात व दत्तप्रभू नित्य मध्यान्हीचे भोजन तेथे करतात, अशी त्यांची भावना आहे. आजही यात्रेकरू पात्रालगतच्या त्या मंदिरात जातात.

चक्रधरांच्या मतांचे जे दर्शन म्हाइंभटकृत लीळाचरित्रातून घडते, ते त्यांच्या समकालीनांना धक्कादायक वाटावे असेच होते. वेदांना मोक्षाच्या बाबतीत अंतिम प्रामाण्य नाही. देवता अनेक असल्या तरी त्यांच्या ठिकाणी मोक्ष देण्याचे सामर्थ्य नाही, ते केवळ परमेश्वराचे. व्रतवैकल्ये आणि कर्मकांड यांनी जीवाचा उद्धार होत नाही, अशी त्यांची शिकवण होती. संन्यासाचा अधिकार त्यांनी स्त्रिया व शूद्र यांनाही दिला. भिक्षा चारही वर्णांच्या घरी मागावी, असा दंडक घातला. स्त्रियांच्या मासिक विटाळाविषयी शिष्येने विचारलेल्या प्रश्नाला त्यांनी दिलेले उत्तर विशेष उल्लेखनीय आहे. शरीराच्या इतर द्वारांतून जसे मळ स्रवतात तसाच हाही एक स्राव होय, त्याचा विटाळ मानण्याचे कारण नाही, असा त्याचा आशय आहे. सातशे वर्षांपूर्वीच्या या उत्तरात उपदेशाचा आव नाही, भावनेचे आवाहन नाही. निरीक्षणावर आधारलेला साधा युक्तिवाद आहे. बाइसा, महदाइसा यांसारख्या शिष्या निर्भयपणे प्रश्न विचारीत आणि त्यांचे प्रश्न ग्रंथात जपले गेले, ही गोष्टही तितकीच महत्त्वाची आहे. महदाइसेच्या धवळ्यांमुळे आद्य मराठी कवयित्री म्हणून तिचे नाव घेतले जाते.

भाषेच्या बाबतीत चक्रधरांनी स्वतःची मातृभाषा गुजराती असताना निरूपण मराठीतून केले. त्यांच्यानंतर पंथाची धुरा वाहणारे नागदेवाचार्य ऊर्फ भटोबास यांनी ही भूमिका अधिक कठोरपणे राबविली. स्मृतिस्थळ या ग्रंथात याविषयीचा प्रसंग आला आहे. केशिराज व्यास हे संस्कृतचे अधिकारी पंडित. त्यांनी पंथाचे तत्त्वज्ञान संस्कृतात ग्रथित करण्याचा विचार मांडला, तेव्हा नागदेवाचार्यांनी त्यांना अडविले. तसे केल्यास आपल्या पंथातील म्हाताऱ्या बाया ज्ञानाला मुकतील, हे त्यांनी दिलेले कारण होते. संस्कृताचा द्वेष त्यामागे नव्हता. केशिराजांनी अन्य प्रसंगी संस्कृत रचना केलीच. कोणत्या वाचकाला डोळ्यांसमोर ठेवून लिहावयाचे, याचा तो निर्णय होता. ज्या पंडिताला दोन्ही भाषा येतात त्याच्या सोयीपेक्षा जिला एकच येते तिची गरज मोठी, हे तत्त्व इतक्या स्पष्टपणे सांगितल्याचे उदाहरण जुन्या मराठीत दुसरे शोधावे लागेल.

या निर्णयाचे पुढे काय झाले, हा महाराष्ट्राच्या सांस्कृतिक इतिहासातील एक खिन्न करणारा भाग आहे. यादवसत्तेच्या पाडावानंतरच्या धामधुमीत पंथाचे ग्रंथ नष्ट झाले व ते स्मरणावरून पुन्हा सिद्ध करावे लागले. ग्रंथांचे पावित्र्य राखण्यासाठी आणि परकीयांपासून ते वाचविण्यासाठी चौदाव्या शतकात सकळ, सुंदरी इ. सांकेतिक लिप्या प्रचारात आल्या. परिणामी म्हाताऱ्या बायांना कळावे म्हणून मराठीत लिहिलेले वाङ्मय पंथाबाहेरच्या मराठी माणसाला सहा शतके वाचता आले नाही. वि. का. राजवाडे, वि. ल. भावे प्रभृतींच्या प्रयत्नांनी व काही महंतांच्या सहकार्याने विसाव्या शतकाच्या आरंभी ते उजेडात आले. दरम्यान वेदप्रामाण्य नाकारणाऱ्या या पंथाविषयी समाजात अढी बसली होती. मराठीतील ‘मानभावी’ हा ढोंगीपणाचा वाचक शब्द पंथाच्या नावावरूनच आला, असे मानले जाते. प्रतिपक्षाला वादात उत्तर देण्यापेक्षा त्याच्या नावाची शिवी करणे सोपे असते.

अंबेजोगाईचे दासोपंत (सु. 1551–1615) यांचा मार्ग वेगळा होता. त्यांचे वडील दिगंबरपंत हे नारायणपेठचे देशपांडे. दुष्काळामुळे सरकारी वसुलाचा भरणा न झाल्याने बीदरच्या दरबाराने बालवयातील दासोपंतांना ओलीस ठेवले, ठरलेल्या मुदतीत रक्कम न आल्यास धर्मांतर करण्याची धमकी दिली आणि एका अनोळखी पाडेवाराच्या रूपाने दत्तानेच पैसे भरून त्यांची सुटका केली, अशी कथा आहे. चमत्काराचा भाग वगळला तरी धर्म हा विषय दासोपंतांच्या चरित्रात बाहेरच्या सक्तीच्या रूपाने आला, एवढे त्या कथेवरून म्हणता येईल. स्वधर्म राखणे हेच ज्याला संकट वाटले, तो त्याची कठोर चिकित्सा करीत बसला नाही, यात आश्चर्य नाही. दासोपंत आयुष्यभर निष्ठावंत दत्तभक्त राहिले. गीतेवर त्यांनी एकाहून अधिक टीका लिहिल्या. त्यांतील गीतार्णव सव्वा लाख ओव्यांचा असल्याचे परंपरा सांगते. पंचीकरण हा वेदान्तविषय त्यांनी कापडाच्या पासोडीवर लिहून काढला. ही पासोडी सु. 24 हात लांब व अडीच हात रुंद असल्याचे सांगितले जाते.

मात्र संस्कृतच्या श्रेष्ठत्वाविषयी दासोपंतांच्या मनात स्पष्ट शंका होती आणि ती त्यांनी गीतार्णवात उघडपणे मांडली. संस्कृतात ‘घट’ म्हटले की एक भांडे कळते. ते कोणते, हे कळत नाही. मराठीत मात्र डेरा, रांजण, सुगड, घागर असे आकार व उपयोग यांनुसार निरनिराळे शब्द आहेत आणि प्रत्येकाने नेमकी वस्तू हाती येते, असा त्यांचा युक्तिवाद आहे. कुंभाराच्या आव्यातून व गृहिणीच्या उतरंडीतून घेतलेल्या या यादीला ग्रंथात नुसत्या अलंकाराचे स्थान नाही. न्यायवेदान्ताच्या चर्चेत घट आणि पट ही ठरलेली उदाहरणे होत. ‘घटपटाची खटपट’ हा मराठीतील वाक्प्रचार त्यावरूनच आला. पंडितांनी शतकानुशतके जो घट दृष्टान्तासाठी वापरला, तोच दासोपंतांनी उचलला आणि यात पाणी भरावे, ताक घुसळावे की धान्य साठवावे, असे जणू विचारले.

युक्तिवाद म्हणून पाहता तो संस्कृतला पूर्ण न्याय देणारा नाही. अमरकोशात घटाला कलश, कुट, निप असे पर्याय आहेत आणि मोठ्या रांजणासाठी अलिंजर, मणिक हे वेगळे शब्दही आहेत. दासोपंतांसारख्या संस्कृतज्ञाला हे ठाऊक नसेल, असे मानणे कठीण. त्यांचा रोख बहुधा शास्त्रग्रंथांतील प्रत्यक्ष व्यवहारावर असावा. कोशात शब्द असून पंडिताच्या वाक्यात ते येत नाहीत, हे त्यांचे निरीक्षण असेल तर ते बरोबरच आहे. भाषेची योग्यता तिच्या कुळावरून ठरवू नये, ती किती नेमके सांगू शकते यावरून ठरवावी, हा निकष सोळाव्या शतकात एका मराठी भाष्यकाराने लावला, याचे महत्त्व यादीतील उणिवांमुळे कमी होत नाही. संस्कृतच्या मक्तेदारीविरुद्ध एकनाथांनीही (1533–1599) लिहिले. पण त्यांचा भर ईश्वराला सर्व भाषा सारख्याच, या धार्मिक समतेवर आहे. दासोपंतांचा मुद्दा शब्दार्थाचा आहे आणि म्हणून तो अधिक आधुनिक वाटतो.

येथेच दासोपंत थांबले. वर्णव्यवस्थेच्या चिकित्सेसाठी त्यांचे नाव घेतले जात नाही. नागदेवाचार्यांना मराठी हवी होती ती निरक्षर बायांसाठी. दासोपंतांना ती अर्थाच्या नेमकेपणासाठी हवी होती. दोघांचा निष्कर्ष एक, कारणे निराळी. धर्म, भाषा आणि समाज या तिन्हींची चिकित्सा एकाच लेखणीने व ईश्वराचा आधार न घेता होण्यास महाराष्ट्राला गोपाळ गणेश आगरकरांची (1856–1895) वाट पाहावी लागली. अज्ञेयवादी आगरकरांनी सुधारणेवर लिहिले तसा वाक्यमीमांसा हा मराठी व्याकरणावरील ग्रंथही लिहिला, हे येथे नमूद करण्याजोगे आहे.

आगरकर पुण्यात लिहीत होते तेव्हा बीड जिल्हा निजामाच्या राज्यात होता आणि तेथे भाषेचा प्रश्न नव्या स्वरूपात उभा होता. दरबारी फारसीची जागा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उर्दूने घेतली. 1918 मध्ये हैदराबादेत सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच होते. दासोपंतांच्या वेळी मराठीला संस्कृतशी स्पर्धा करावी लागली होती, आता ती राजभाषेशी होती. अंबेजोगाईस, त्या वेळच्या मोमिनाबादेत, योगेश्वरी विद्यालयाने राष्ट्रीय शिक्षणाचे कार्य केले. 1930 नंतरच्या दशकात स्वामी रामानंद तीर्थ तेथे मुख्याध्यापक होते. सप्टेंबर 1948 मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. 1 नोव्हेंबर 1956 रोजी मराठवाड्याबरोबर बीड जिल्हा द्विभाषिक मुंबई राज्यात आणि 1 मे 1960 रोजी महाराष्ट्रात आला. दासोपंतांच्या ग्रंथसंभाराचा बराच भाग त्यानंतरही दीर्घकाळ अंबेजोगाईच्या देवघरांतील हस्तलिखितांतच राहिला.