गुरेघरला जायचं, पण १९५९ मधून

गाडी वाईतच ठेवा. मोबाइलही गाडीतच राहू द्या, तिकडे तो नुसता आरसा म्हणून उपयोगी पडेल. तुम्ही १९५९ च्या मार्चमध्ये उतरला आहात. महाराष्ट्र राज्य व्हायला अजून वर्ष आहे, हे मुंबई राज्य. खिशातली नाणी तपासा; नये पैसे येऊन दोनच वर्षं झालीत, शेजारचे आजोबा अजून आण्यांतच हिशेब करतात. एसटीत मुलांना खिडकी द्या आणि आवळासुपारी हाताशी ठेवा, कारण पसरणी घाट काही कुणाला सोडत नाही.

वर पाचगणीत सिल्व्हर ओकची सावली, निवासी शाळांच्या घंटा आणि बाजारात पानं घालून भरलेल्या टोपल्या. टोपल्यांत स्ट्रॉबेरी. एक उचलून बघा. आजच्याइतकी टपोरी नाही, पण वास आधी येतो आणि फळ मागून. सकाळच्या तोड्याचं फळ संध्याकाळपर्यंत मऊ पडतं. मुंबई अडीचशे किलोमीटरच्या पलीकडे, वाटेत घाट, आणि शीतगाडी वगैरे काही नाही. वर पिकलेलं फळ वरच खपवायचं, नाहीतर टाकायचं. पाहुणे तरी किती खाणार?

याच वर्षी किशोर व्होरा नावाचे गृहस्थ पाचगणीत छोट्या प्रमाणावर स्ट्रॉबेरी जॅम करायला लागलेत. ‘महाबळेश्वर प्रॉडक्ट्स’चं ‘मॅप्रो’ होऊन पुढे केवढा पसारा वाढेल, हे तुम्हाला माहीत आहे. तिथे मात्र तोंड बंद ठेवा.

त्या काळच्या एखाद्या छोट्या जॅमघरात डोकावा. मुलांना जरा मागे उभं करा, पातेलं उसळतंय. देठं काढलेली फळं, जवळपास तेवढीच साखर आणि लिंबाचा रस. लिंबू चवीपुरतं नाही: स्ट्रॉबेरीत पेक्टिन कमी, आंबटपणा मिळाल्याशिवाय ते धरत नाही. गुलाबी फेस वर येतो, तो झाऱ्यानं काढतात. मुलं तो मागणार, द्या. आधी फुगे बारीक आणि चपळ असतात. पाणी उडत जातं तसे ते मोठे, आळशी होतात, फुटताना ‘फट्’ असा आवाज करतात. आता कालथा उचलून आडवा धरा. थेंब एकेक गळला तर थांबा. दोन थेंब कडेला एकत्र येऊन पडद्यासारखे सुटले की उतरवा. आजीच्या साखरांब्याच्या एकतारी पाकाशी याची गल्लत करू नका, इथे तार नाही, पडदा हवा.

कुणी थर्मामीटर घेऊन आलं असेल तर त्याची एक गंमत बघा. जॅम १०५ अंशांना होतो असं पुस्तकं सांगतात, पण ती समुद्रसपाटीची. इथे तेराशे मीटरवर पाणी ९६ च्या आसपासच उकळतं, त्यामुळे जॅमही शंभर-एकशेएकलाच तयार होतो. १०५ ची वाट बघणाऱ्याला शेवटी चिवट, काळपट गोळा मिळेल.

आणखी शंभर वर्षं मागेही जाता येईल. इंग्रजांनी महाबळेश्वरच्या तुरुंगात चिनी कैदी ठेवले होते, ते इथे बटाटे नि विलायती भाज्या पिकवत. पण तिथे मुलांना खायला काही मिळणार नाही, म्हणून परत फिरू.

आज, पाचगणी-महाबळेश्वर रस्त्यावरचं गुरेघर. मॅप्रो गार्डन. क्रशचे नमुने चाखणारी गर्दी, गोळ्यांच्या बरण्यांपुढे अडून बसलेली पोरं, स्ट्रॉबेरी-क्रीमची रांग. क्रीम खाच, पण माझं म्हणाल तर ग्लासातल्या देखण्या फळापेक्षा शेजारच्या शेतात जास्त बघण्यासारखं आहे. कॅलिफोर्नियाहून मदर प्लांट येतात, पावसाळ्यात वाईकडे त्यांची रोपं करतात आणि पाऊस ओसरला की ती वर आणून गादीवाफ्यांवर लावतात. २०१० मध्ये इथल्या स्ट्रॉबेरीला भौगोलिक मानांकनही मिळालं. तोडा झाला की चांगलं फळ डब्यांत भरून खाली जातं. बारकं, वेडंवाकडं, जास्त पिकलेलं फळ कारखान्याची वाट धरतं. हंगाम उतरणीला लागला की तेच जास्त. इस्टरच्या सुमाराला इथे स्ट्रॉबेरी महोत्सव भरतो, तो याच दिवसांत. जायचं तर तेव्हा जा.

आणि बरणी घेताना मागचं लेबल वाचा. आपल्या नियमांत जॅममध्ये किमान ४५ टक्के फळ लागतं, स्ट्रॉबेरीला मात्र सूट आहे, किमान २५ टक्के असलं तरी चालतं. दोन बरण्या शेजारी धरून बघा, जीत फळाचा आकडा मोठा तीच टोपलीत टाका. पैसे द्यायच्या रांगेत मुलं गोळ्यांचं तिसरं पाकीट मागतील. त्याचं काय करायचं ते तुम्ही बघा.