मोटारगाडीची पुनर्चक्रीकरणानुकूल रचना

आयुष्य संपलेल्या मोटारगाडीतील पोलाद, ॲल्युमिनियम, तांबे, प्लॅस्टिक इत्यादी पदार्थ शक्य तितक्या शुद्ध स्वरूपात परत मिळावेत, अशा बेताने गाडीचा आराखडा तयार करण्याच्या पद्धतीस पुनर्चक्रीकरणानुकूल रचना म्हणतात. गाडी भंगारात निघण्याच्या कित्येक वर्षे आधी, आराखड्याच्या टप्प्यावरच, तिच्यातील पदार्थ पुढे कोणत्या दर्जाच्या कामी येतील हे बव्हंशी ठरून जाते.

भंगारातील गाडी

मोडीत निघालेल्या गाडीतून प्रथम बॅटरी, इंधन, तेले आणि एअरबॅग काढतात. विकण्याजोगे सुटे भागही वेगळे करतात. उरलेल्या सांगाड्याचे श्रेडर यंत्रात तुकडे होतात. त्यांतील लोखंड व पोलाद चुंबकाने ओढले जाते, तर ॲल्युमिनियम आणि तांबे इतर यंत्रांनी निवडतात. प्लॅस्टिक, फोम, रबर, काच व कापड यांचे मिश्रण शेवटी उरते.

तांब्याचा प्रश्न

विजेच्या तारांचा जुडगा, म्हणजे वायरिंग हार्नेस, गाडीभर पसरलेला असतो. तो न काढता गाडी श्रेडरमध्ये घातली, तर तांब्याचे बारीक तुकडे पोलादात अडकून राहतात. पोलाद वितळवताना ॲल्युमिनियम किंवा सिलिकॉन ऑक्सिडीभवनाने मळीत जातात. तांबे मात्र लोखंडापेक्षा कमी क्रियाशील असल्याने द्रव धातूतच राहते. पुढे तप्त पोलाद लाटताना पृष्ठभागावरील लोखंडाचे ऑक्सिडीभवन होते, त्याखाली तांबे साचते, १०८५ अंश सेल्सिअसला वितळते आणि स्फटिककणांच्या सीमांमध्ये शिरून पृष्ठभागाला तडे पाडते. बांधकामाच्या सळईत सुमारे ०.४ टक्के तांबे खपून जाते. गाडीच्या दाबीव पत्र्याला त्याचा अल्पांशच चालतो. त्यामुळे गाडीच्या पत्र्याची पुढे सळई होते, पण पुन्हा पत्रा होणे अवघड जाते.

रचनेतील उपाय

तारा हाताने ओढताच निघतील अशी जोडणी करणे, हा यावरील सर्वांत सोपा उपाय. टोयोटाने डब्याच्या ओढपट्टीसारखी सोलून निघणारी अर्थिंगची जोडटोके वापरली. प्लॅस्टिकच्या बाबतीत मोजकेच प्रकार वापरणे, डिंकाऐवजी खटक्यांनी भाग बसवणे आणि भागावर प्लॅस्टिकच्या प्रकाराची खूण उमटवणे हे मार्ग रूढ आहेत. युरोपात १०० ग्रॅमपेक्षा जड प्लॅस्टिक भागांवर अशी खूण करावी लागते. वजन घटवण्याचा आग्रह मात्र अनेकदा या उद्दिष्टाच्या आड येतो: कार्बन तंतूंचे संमिश्र किंवा डिंकाने चिकटवलेले बहुधातू सांगाडे हलके असले, तरी उकलण्यास कठीण ठरतात.

कायदे व मानके

युरोपीय संघाच्या २००० सालच्या निर्देशानुसार २०१५ पासून गाडीच्या वजनाच्या किमान ८५ टक्के भागाचा पुनर्वापर किंवा पुनर्चक्रीकरण आणि ऊर्जाप्राप्ती धरून ९५ टक्के भागाचा उपयोग व्हावा लागतो. शिसे, पारा, कॅडमियम व षट्संयुजी क्रोमियम यांच्यावर १ जुलै २००३ नंतर, काही अपवाद वगळता, बंदी आली. जपानचा याविषयीचा कायदा २००५ पासून पूर्णपणे लागू आहे. नव्या गाडीची पुनर्चक्रीकरणक्षमता आयएसओ २२६२८ या मानकाने मोजतात. हे गणित वजनाचे आहे, दर्जाचे नव्हे. सळई होणारे पोलाद आणि पुन्हा पत्रा होणारे पोलाद त्यात सारखेच धरले जाते.

भारतात एआयएस-१२९ हे मानक याच विषयाचे असून ते पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडियाने प्रसिद्ध केले आहे. आयुष्य संपलेल्या वाहनांविषयीचे केंद्र शासनाचे नियम १ एप्रिल २०२५ पासून अमलात आले. त्यांनुसार जुन्या गाड्यांच्या विल्हेवाटीची विस्तारित जबाबदारी उत्पादकांवर आहे.