कपटी पत्नी आणि खोटा कागद

सरकारी नोकरीत ज्याची हयात गेली, त्याचा लेखी कागदावर जरा अधिकच विश्वास बसतो. माणूस खोटे बोलेल, दप्तरातील नोंद सहसा बोलणार नाही, असा आम्हां मंडळींचा समज. गिलियन फ्लिन या अमेरिकन लेखिकेची 'गॉन गर्ल' (२०१२) ही कादंबरी वाचताना तो समज डळमळला.

मिसूरी राज्यातील एका गावातून, लग्नाच्या पाचव्या वाढदिवशी, एमी नावाची स्त्री नाहीशी होते. तिच्या रोजनिशीत सोशिक, भेदरलेल्या पत्नीचे चित्र आढळते आणि संशय पती निकवर जातो. निम्मी कादंबरी सरल्यावर उलगडते की एमी जिवंत आहे आणि पतीला खुनाच्या आरोपात गुंतवण्यासाठीच तिने ती रोजनिशी रचली आहे. निक खुनी नसला तरी व्यभिचारी आणि खोटारडा आहे. म्हणूनच रोजनिशी सर्वांना पटते.

एमीची एक पूर्वज म्हणजे बेन एम्स विल्यम्स यांच्या 'लीव्ह हर टु हेवन' (१९४४) या कादंबरीतील एलन. १९४५ च्या चित्रपटात ही भूमिका जीन टियर्नी यांनी केली. पतीच्या प्रेमात वाटेकरी नको म्हणून एलन त्याच्या पंगू धाकट्या भावाला सरोवरात बुडू देते. शेवटी ती स्वतः विष घेते. तत्पूर्वी आपल्या बहिणीवर आळ येईल असे पत्र सरकारी वकिलाला, म्हणजे आपल्याच पूर्वीच्या वाग्दत्त वराला, धाडून ठेवते. हॉलिवूडच्या तत्कालीन नीतिसंहितेनुसार पडद्यावर दुष्कृत्याला शासन होणे आवश्यक असे. १९६८ मध्ये ती संहिता गेली. एमीला शासन होत नाही; ती घरी परतते आणि संसार पुढे चालू राहतो. खरे भय तेथेच आहे.

हे वाचताना आपल्याकडील 'ध'चा 'मा' आठवल्यावाचून राहत नाही. पुणे सोडून पिढ्या लोटल्या, तरी आपल्या घरांतून ही कथा सुटलेली नाही. ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणराव पेशव्यांचा शनिवारवाड्यात खून झाला. रामशास्त्री प्रभुणे यांनी दोषी ठरवले ते रघुनाथरावांना. लोकस्मृतीने मात्र पत्रातील अक्षर बदलल्याचा ठपका आनंदीबाईंवर कायमचा ठेवला. ते पत्र सांगणाऱ्याने पाहिलेले नसते, ऐकणाऱ्यानेही नसते.

एमीचा खोटा कागद लोकांनी खरा मानला. आनंदीबाईंच्या बाबतीत कागद पाहण्याचीही गरज कोणाला भासली नाही. कादंबरीतील कपटी पत्नीचा आस्वाद अवश्य घ्यावा. इतिहासातील स्त्रीचा निवाडा करताना मात्र आधी कागद मागावा.