सकाळच्या अर्ध्या तासाचा मालक

मराठी दूरचित्रवाणीवरचा शेतीचा कार्यक्रम गर्दी खेचण्यासाठी कधीच नव्हता. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले आणि पुढच्या काळात ‘आमची माती, आमची माणसं’, ‘कामगार विश्व’, ‘ज्ञानदीप’, ‘प्रतिभा आणि प्रतिमा’, ‘किलबिल’ यांनी संध्याकाळ आपसात वाटून घेतली. शेतकरी, गिरणी कामगार, साहित्याचा वाचक, शाळकरी पोर, ज्याच्या त्याच्या वाट्याला एकेक तुकडा आला. बोंडअळीशी काडीचा संबंध नसलेला दादरकरही तिच्यावरचे उपाय ऐकत बसे, कारण दुसरी वाहिनीच नव्हती. लोकप्रियतेच्या बळावर हे कार्यक्रम तगले असे म्हणता येणार नाही. मालक सरकार होते आणि असे कार्यक्रम असलेच पाहिजेत, असे त्या मालकाला वाटत होते. थोड्यांसाठीचा कार्यक्रम चालतो तो मालकापाशी जाहिरातीपलीकडचे काही कारण असेल तर. मालकी एकवटत गेली की अशी कारणे बाळगणारे मालकच कमी होतात. माझ्या मते मराठी वाहिन्यांच्या गेल्या पाव शतकात नेमके हेच घडले आहे.

१९९९ मध्ये अल्फा मराठी आणि २००० मध्ये ईटीव्ही मराठी आली, तेव्हा बाजाराच्या पुरात हे सगळे वाहून जायला हवे होते. तसे लगेच झाले नाही. अल्फाने ‘नक्षत्रांचे देणे’ दिले, तर ईटीव्हीने भल्या सकाळी ‘अन्नदाता’ लावला. या ‘अन्नदाता’चे मूळ पाहण्याजोगे आहे. ईटीव्हीचे मालक रामोजी राव यांनी १९६९ मध्ये, म्हणजे ‘ईनाडू’ दैनिकाच्याही पाच वर्षे आधी, तेलुगूत याच नावाचे शेतीचे मासिक काढले होते. मासिकाचा कार्यक्रम झाला, आधी तेलुगूत, मग मराठीत. ज्याच्या प्रकाशनाच्या धंद्याची सुरुवातच शेतकरी वाचकापासून झाली, त्याला सकाळचा अर्धा तास शेतीला देणे हा तोटा वाटला नसावा. अर्थात रामोजी काही धर्मादाय संस्था चालवत नव्हते. २००१ पासून त्याच वाहिनीवर ‘चार दिवस सासूचे’ सुरू होती आणि ती तीन हजारांहून अधिक भाग चालली. रात्री सासू, सकाळी सोयाबीन. एकाच मालकाच्या वहीत दोन्ही बसत होते.

त्या काळी टीआरपी काढणारी टॅम ही संस्था एक लाखाहून कमी वस्तीची गावे मोजतच नव्हती. ग्रामीण घरे आकडेवारीत आली ती २०१५ मध्ये, बार्क ही नवी मोजणी संस्था आल्यावर. तोवर ‘अन्नदाता’चा खरा प्रेक्षक जाहिरातदाराच्या तक्त्यात नव्हताच. तक्त्यात नसलेल्या माणसासाठी कार्यक्रम चालवायचा, तर तो माणूस मालकाला दुसरीकडून कुठून तरी ठाऊक असावा लागतो. जानेवारी २०१२ मध्ये रिलायन्सच्या पैशाच्या आधाराने टीव्ही१८ या कंपनीने ईटीव्हीच्या प्रादेशिक वाहिन्यांतला हिस्सा घेण्याचा व्यवहार जाहीर केला. २०१४ मध्ये तो पुरा झाला आणि २०१५ मध्ये ईटीव्ही मराठीची कलर्स मराठी झाली, हिंदी कलर्सच्या साखळीतला एक दुवा. तेलुगू वाहिन्यांचा ताबा मात्र रामोजींनी सोडला नाही. तिकडे ‘अन्नदाता’ चालू राहिला. कलर्स मराठीच्या वेळापत्रकात आज तो नाही. तेलुगू ईटीव्ही जुनी आणि घट्ट पाय रोवलेली, तेव्हा ही तुलना अगदी समसमान नाही हे कबूल. तरी एकाच नावाच्या कार्यक्रमाचे दोन मालकांकडे दोन वेगळे भवितव्य झाले, ही गोष्ट नजरेआड करता येत नाही.

यावर सगळ्यांत भक्कम आक्षेप अर्थशास्त्राचा आहे. पीटर स्टायनर या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने १९५२ मध्येच रेडिओबद्दल मांडले होते की अनेक स्पर्धक एकाच मोठ्या श्रोतृवर्गामागे धावतात आणि एकसारखेच कार्यक्रम करतात. सगळी केंद्रे एकाच मालकाची असतील, तर तो आपल्याच केंद्राचे श्रोते पळवण्यापेक्षा उरलेल्या श्रोत्यांसाठी वेगळे काही देईल. दूरदर्शनची मक्तेदारी वरवर पाहता याच मताला पुष्टी देते. पण स्टायनरच्या गणितात नव्याने मिळणारा प्रत्येक श्रोता मालकाला मोलाचा असतो. आपल्याकडे खेड्यातला प्रेक्षक मोजलाच जात नव्हता, आणि केबलच्या पॅकेजात वाहिनी एकदा गेली की घरटी पैसे मिळतातच, ती सकाळी साडेसहाला काय दाखवते याने फरक पडत नाही. दूरदर्शनने विविधता जपली ती मक्तेदारीमुळे नव्हे, त्याला जाहिरातीमागे धावायचे नव्हते म्हणून. नोव्हेंबर २०२४ पासून स्टार प्रवाह आणि कलर्स मराठी एकाच घरच्या आहेत. स्टायनर बरोबर असता तर एकीने मालिका ठेवून दुसरीने काही निराळे करायला हवे होते. संध्याकाळी दोन्हीकडे कौटुंबिक मालिकाच दिसतात.

दुसरा आक्षेप रोखठोक आहे: शेतकऱ्याच्या हातात मोबाइल आला, आता वाहिनी हवी कशाला? यात तथ्य आहे. द्राक्षाच्या छाटणीपासून ठिबकपर्यंत सगळे यूट्यूबवर मिळते, तेही हव्या त्या वेळी. पण कृषी विद्यापीठातला शास्त्रज्ञ कॅमेऱ्यासमोर बसवणे, त्याने सांगितलेली मात्रा तपासणे आणि चूक झाली तर दुसऱ्या दिवशी दुरुस्त करणे, यासाठी पगारी माणसे लागतात. फुकटच्या चित्रफितीत हे काम बहुधा औषध-खतवाल्याच्या अंगावर पडते, आणि तो सल्ला विकतो की माल, हे ओळखणे कठीण होते. सरकारने २०१५ मध्ये डीडी किसान ही अख्खी वाहिनीच शेतीला दिली खरी, पण तिची भाषा मुख्यतः हिंदी. नागपूरच्या संत्र्याची फळगळ तिथे क्वचितच वर येणार. त्यातल्या त्यात वेगळे उदाहरण २००८ मध्ये आलेल्या, शेतीला जागा देणाऱ्या साम वाहिनीचे. तिच्यामागे शेतीचे दैनिक चालवणारा सकाळ समूह आहे, म्हणजे इथेही मालकाचे कारण वाहिनीबाहेरून आले.

मालकी एकवटताना नियामक काय पाहतो, हे २०२२ मध्ये दिसले. झी आणि सोनी यांच्या विलीनीकरणाला स्पर्धा आयोगाने ऑक्टोबरमध्ये मान्यता दिली, ती बिग मॅजिक, झी ॲक्शन आणि झी क्लासिक विकण्याच्या अटीवर. तिन्ही हिंदी वाहिन्या, आणि त्यातली झी क्लासिक जुन्या चित्रपटांची, म्हणजे थोड्यांसाठीचीच. प्रश्न बाजारातल्या वाट्याचा होता, काय दाखवले जाईल याचा नव्हता. तो व्यवहार जानेवारी २०२४ मध्ये मोडला. माध्यमांच्या मालकीवर मर्यादा घालण्याच्या शिफारशी दूरसंचार नियामक प्राधिकरणाने ऑगस्ट २०१४ मध्ये सरकारला दिल्या होत्या. त्यांचा कायदा अजून झालेला नाही. आणि मतांची विविधता मोजायची म्हणून त्यांत धरला आहे तो फक्त बातम्या आणि चालू घडामोडींचा प्रकार. शेती त्यात नाही, बालवर्ग नाही, साहित्य नाही.