कोळ्याची कात

मंडळी, पावसानं जरा उसंत दिली म्हणून लिहायला बसलोय. विषय बघून आमच्या वहिनी पुढचं वाचणार नाहीत याची खात्री आहे, पण इलाज नाही.

झालं असं, की अमेरिकेतल्या नातवानं (लेकीचा मुलगा, वय सतरा) एक कोळी पाळलाय. आमच्या अलिबाग-रेवदंड्याकडे कोळी म्हटलं की आधी होडी आणि जाळं आठवतं. तो नव्हे! आठ पायांचा, केसाळ, वाढला की तळहाताएवढा होणारा टॅरँट्युला. दीड वर्षापूर्वी आणला तेव्हा नखाएवढा होता. दर वेळी कात टाकली की नातू त्याला नाण्याशेजारी घेऊन फोटो काढतो आणि मला धाडतो. काती तारखा घालून डब्यांत ठेवतो. गंमत म्हणजे जात भारतातली, पोसिलोथेरिया रेगॅलिस. जन्म तिकडचा, मूळ इकडचं. नातवासारखंच की!

सातव्या फोटोत तो उताणा पडलेला दिसला. मी लगेच फोन केला, "मेला की रे तुझा कोळी!" तो हसून म्हणाला, "आजोबा, कात टाकतोय. आत्ता हात नाही लावायचा."

मग त्यानं मला शिकवलं. कोळी पाठीवर पडतो, वरच्या कवचाचं झाकण सुटतं आणि हातमोज्यातून बोटं काढावीत तसे आठही पाय तो हळूहळू बाहेर ओढून घेतो. यात काही तास जातात. बाहेर आलेलं अंग मऊ असतं, सुळेसुद्धा पांढरे, म्हणून काही दिवस तो खात नाही. एखादा पाय तुटलेला असला तर पुढच्या कातींत पुन्हा फुटतो. मागे उरलेली कात मात्र हुबेहूब दुसरा कोळी.

हे ऐकलं आणि मला १९७८ चा पावसाळा आठवला.

मी नवखा मास्तर. शाळा जांभ्याची, भिंतींना भोकं. त्यातून असाच एक केसाळ कोळी भर वर्गात उतरला. पोरं बाकांवर चढली. मी पायातली वहाण काढली आणि एका फटक्यात काम उरकलं. वर ऐटीत सांगितलं, "हा चावला तर माणूस जगत नाही." चार दिवसांनी कपाटामागे एका मुलाला आणखी एक सापडला. हलेना. हातात घेतला तर पोकळ! त्यानं विचारलं, "सर, हा इथं आहे, तर मग आपण मारला तो कोण?" मला उत्तर येत नव्हतं. मी म्हटलं, "गप्प बस, पुस्तक काढ."

दोन्ही वेळा मी चुकलो. या कोळ्यांच्या चाव्यानं दुखतं, रेगॅलिसच्या जातभाईंच्या चाव्यानं तर स्नायूंत पेटके येतात, पण माणूस दगावल्याची खात्रीची नोंद नाही. टॅरँट्युला हे नावच मुळी इटलीतल्या टारँटो गावच्या एका वेगळ्याच कोळ्याचं. तो चावला की नाचून विष उतरवावं लागतं अशी तिथं समजूत होती. म्हणजे माझ्यासारखे मास्तर तिकडेही होते म्हणायचे.

मग मी आपल्याकडच्या कोळ्यांचा इतिहास शोधायला लागलो. १५ सप्टेंबर १८८३ रोजी मुंबईत आठ जणांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी काढली. त्यांत दोघे आपले होते, डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन. पण आपल्या कोळ्यांची बरीचशी बारशी झाली ती लंडनच्या म्युझियमात. तिथं रेजिनाल्ड पोकॉक नावाचा गृहस्थ हिंदुस्थानातून बाटल्यांत भरून आलेले मेलेले कोळी तपासून नावं देत होता. १८९९ मध्ये त्यानं रेगॅलिसला नाव दिलं. त्याच वर्षी आमच्याच जिल्ह्यातल्या माथेरानच्या, जमिनीत बीळ करून राहणाऱ्या कोळ्यालाही दिलं. त्याला आज हॅप्लोक्लास्टस व्हॅलिडस म्हणतात. तेव्हा माथेरानला छोटी गाडीसुद्धा नव्हती, ती आली १९०७ ला. मी सहली घेऊन तिथं कितीदा गेलो असेन! पॅनोरमा पॉइंट दाखवला, माकडांपासून डबे सांभाळले. पायाखाली हा राहतो हे मलाच ठाऊक नव्हतं, तर मुलांना काय सांगणार?

पोकॉकनं त्याच वर्षी आणखी एकाचं वर्णन केलं, धातूसारख्या निळ्या रंगाच्या मेटॅलिकाचं. नमुना एकच, मिळाला गुत्तीला. (इतिहासाच्या मुलांनो, मुरारराव घोरपड्यांची गुत्ती ती हीच.) बहुधा रेल्वेच्या लाकडांतून तिथं पोचला असावा. पुढे शंभर वर्षं त्याचा पत्ता नाही. २००१ मध्ये आंध्रातल्या नंद्याल आणि गिद्दलूरच्या मधल्या जंगलात तो पुन्हा सापडला. आणि काही वर्षांतच परदेशातल्या हौशी लोकांच्या काचपेट्यांत दिसायला लागला. रानात मात्र २००८ पासून त्याची गणना अतिसंकटग्रस्त जातींत होते. जंगलतोड हे मोठं कारण, पण पकडून नेणं हेही आहेच. २०१९ मध्ये या साऱ्या गटाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर परवान्याचं बंधन आलं. नातवाचा कोळी तिकडेच पैदाशीतून जन्मलेला आहे, हे मी त्याला दोनदा विचारून घेतलं. त्याला थोडा राग आला. येऊ दे.

आता खरी गोष्ट. जूनमध्ये वाडीत सुपारीखालचा पाला ओढत होतो, तर बांधाच्या मातीत दोन बोटं जाईल एवढं बीळ दिसलं. तोंडाशी पांढरं रेशीम. संध्याकाळी विजेरी घेऊन गेलो तर दोन केसाळ पाय बाहेर. हात थरथरत होता, फोटो हललेलाच आला. तरी नातवाला पाठवला. त्यानं लगेच विचारलं, "आजोबा, नेमकं कुठे? मला माझ्या ग्रुपवर टाकायचंय."

मी जिल्हा सांगितला आणि तिथंच थांबलो. तो म्हणाला, आजोबांचा माझ्यावर विश्वास नाही. तुझ्यावर आहे रे बाळा, पण पुढे कोण वाचेल त्याच्यावर कसा ठेवू? चार दिवस अबोला होता. इथंही मी गाव लिहिलेलं नाही हे तुमच्या लक्षात आलंच असेल. जे नातेवाईक वाडीत येऊन गेलेत त्यांनी कृपया प्रतिक्रियेत ज्ञान पाजळू नये.

राहता राहिला तो विद्यार्थी. त्याचं आता बाजारात हार्डवेअरचं दुकान आहे. परवा खिळे आणायला गेलो तेव्हा म्हटलं, "तू मला एक प्रश्न विचारला होतास, त्याचं उत्तर द्यायचंय. तुला सापडला तो दुसरा कोळी नव्हताच, ती कात होती." आणि माणूस मरतो हेही चूक सांगितलं होतं, म्हणालो.

त्यानं खिळे तोलता तोलता बराच विचार केला. म्हणाला, "सर, कोळ्याचं काही आठवत नाही. तुमची वहाण तेवढी आठवते."

रविवारी दुकान बंद असतं, तेव्हा येणार आहे बीळ बघायला.